थिजलेलं अत्तर

आमच्या घरी येणारा माणूस आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. भद्रकालीजवळच्या गल्लीत आमचं तपकिरीचं दुकान होतं. पुढे दुकान, मधे माल तयार करायची लांबट खोली आणि मागे आम्ही. तंबाखूची पानं भाजायची, उखळात कुटायची, मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायची, असा तो उद्योग. त्यात जी बारीक धूळ उडे ती पापडांवर, पोथ्यांवर, माझ्या परकराच्या नाडीवरसुद्धा बसे. आम्हा घरच्यांना तिचं काही वाटत नसे. पाहुणा मात्र उंबऱ्यातच तीन-चार शिंका देई, आणि आई स्वयंपाकघरातून नुसत्या शिंकांवरून ओळखून म्हणे, "जोशीणबाई आल्या वाटतं, चहाचं आधण वाढवा." सकाळभर मुसळांचा दणका चाले. अजूनही कुठे काही कुटण्याचा आवाज आला की मला आमच्या घरची सकाळ झाल्यासारखी वाटते, मग घड्याळात दुपारचे चार का वाजले असेनात.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दादांचं स्वतःचं नाक वर्षानुवर्षांच्या तपकिरीनं पार कामातून गेलं होतं. माल तयार झाला की ते चिमूटभर तपकीर तळहातावर घेत आणि मला हाक मारत, "सुमे, नाक दे." मी आठ वर्षांची असल्यापासून नाक देत आले होते. केवडा कमी पडला, पान जास्त भाजलं, डबा ओलसर जागी राहिला, हे मी एका हुंगण्यात सांगे. दादा चारचौघांत म्हणत, "पोरीच्या नाकावर माझा धंदा उभा आहे." मी तेरा वर्षांची झाले तेव्हा मला शाळेतून काढलं होतं आणि लग्न अजून जमायचं होतं. त्या मधल्या काळात मुलगी म्हणजे घरातली एक अडचणच असते. माझी तशी झाली नाही ती या नाकामुळे, आणि मला त्याचा भारी ताठा होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या ताठ्यातून निघालं.

अत्तर आणून देणारे उस्मानचाचा. चौक मंडईपलीकडे एका बोळात राहत. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी मालेगावला दिलेली. पितळी कड्यांची लाकडी पेटी खांद्याला लावून ते नाशकातल्या लग्नघरांना अत्तर आणि गुलाबपाणी पुरवत, देवळांनासुद्धा. दोनेक महिन्यांतून एकदा आमच्याकडे येत, ओटीवरच्या कोनाड्यात कुपी ठेवत आणि दादांशी गप्पा मारत बसत. त्यांचा चहाचा पेला वेगळा होता, त्याच कोनाड्यात पालथा घातलेला. आज हे लिहिताना मला त्याची लाज वाटते. तेव्हा तो पेला वेगळा असण्यात काही वाटत नव्हतं, आम्हालाही आणि बहुधा त्यांनाही. कुपी उघडून बघायची मात्र आमच्याकडे पद्धत नव्हती. उस्माननं आणलं म्हणजे ते ठीकच असणार, असं दादा म्हणत.

त्या वर्षी थंडी नेहमीपेक्षा कडक पडली. पहाटे गोदेवरून न्हाऊन येणाऱ्यांचे ओठ निळे दिसत. आईचं दही लागेना. ती विरजलेलं भांडं जुन्या घोंगडीत गुंडाळून चुलीच्या कडेला ठेवी, तरी सकाळी ताकासारखं पातळच. खोबरेल तेलाची बाटली तर रोज दगड व्हायची. वेणी घालायच्या आधी ती उन्हात ठेवायची हे माझं काम. संक्रांतीच्या हलव्याला मात्र आई अशीच थंडी मागून घेई. भल्या पहाटे मंद शेगडीवर परात ठेवून ती तिळांवर चमचा-चमचा पाक सोडी आणि बोटांनी हलवत राही. हवेत गारठा असला तरच हलव्यावर काटा येतो, ऊब झाली की तीळ नुसते गुळगुळीत राहतात, हे ती मला शिकवत होती. शेगडी किती, हवा किती, पाक कितीला सोडायचा, हे सगळं तिच्या बोटांना कळत होतं. म्हणजे थंडीनं आणि उबेनं पदार्थांचं काय होतं हे आमच्या घरात सगळ्यांना पुरेपूर माहीत होतं. तरीही जे घडायचं ते घडलंच.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या दिवसांत बाजारात नवं बनावट तूप आलं होतं, आणि लोक तुपाच्या नावानं बिथरले होते. कुणी म्हणे त्यात चरबी असते, कुणी म्हणे हाडं उकळतात. सणावारी तूप घेताना बायका ते बोटांवर चोळत, नाकाशी नेत, दुकानदाराच्या तोंडाकडे बघत. संशय हा पदार्थ गावात आधीच तयार होता, फक्त तो ओतायला भांडं हवं होतं.

स्टेशनाकडच्या एका नव्या दुकानदारानं मुंबईचा कसलासा विलायती अर्क घालून तपकीर काढली होती आणि ती खपत होती. दादा चिडले. त्यांनी उस्मानचाचांना सांगितलं, "नेहमीचं चंदनाच्या तेलातलं अत्तर नको. रूह आण. नुसता गुलाब, दुसरं काही नाही. लोकांना कळू दे अस्सल म्हणजे काय." रूह म्हणजे फुलांचा निव्वळ अर्क. आमच्या घरात ती पूर्वी कधी आली नव्हती. महिन्याभरानं चाचांनी एका संध्याकाळी इवलीशी कुपी आणून कोनाड्यात ठेवली. करंगळीच्या दोन पेरांएवढी असेल. चहा पिऊन ते गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादांनी कुपी उजेडात धरली आणि त्यांचा चेहराच उतरला. आतलं अत्तर थिजलं होतं. पांढऱ्या पापुद्र्यांचा गोळा काचेला चिकटून बसला होता. कुपी उलटी केली तरी थेंब हलेना. दादांनी काडीनं थोडं खरवडून चिमूटभर तपकिरीत चोळलं आणि नेहमीप्रमाणे तळहात पुढे केला. "सुमे, नाक दे."

खोलीत तिसरी व्यक्ती होती ती गोदूआत्या, दादांची थोरली बहीण. ती दोन गल्ल्या सोडून राहायची. तिचे यजमान, आमचे आतोबा, रामकुंडावर उपाध्येपण करत. आत्याचं सोवळं इतकं कडक की वाटेत कुत्र्याची सावली पडली तरी ती परत फिरून अंघोळ करी. पण तपकिरीवाचून तिचा एक प्रहर जात नसे, म्हणून नदीवरून परतताना ती रोज आमच्याकडून डबी भरून घेई. ती बघत होती. दादा बघत होते. मी हुंगलं. दगडी फरशीची ती खोली बर्फासारखी गार, आणि माझं नाकही गारठलेलं. मला काहीच आलं नाही. पुन्हा हुंगलं. तंबाखू आला, बाकी काही नाही. पाच वर्षांत मला वास आला नाही असं एकदाही झालं नव्हतं.

"काय गं? कशाचा येतो?" दादांनी विचारलं.

'मला वास येत नाही' एवढे चार शब्द होते. ते माझ्या तोंडातून निघेनात. मी त्या पांढऱ्या गोळ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "चरबीसारखा येतो."

आत्या दोन पावलं मागे सरली. "चरबी? अरे देवा! आणि ही तपकीर मी नाकात घालणार होते?" दादा म्हणाले, "नक्की का गं, सुमे?" मी मान हलवली. एकदा म्हटलं की म्हटलं. दुपारपर्यंत ही बातमी आत्याच्या ओल्या पदरासकट रामकुंडावर पोचली होती.

चाचांना बोलावणं गेलं. ते आले तेव्हा दादांनी त्यांना ओटीवर चढू दिलं नाही. गल्लीतले चार लोक आधीच जमले होते. चाचांनी दुरूनच कुपी बघितली आणि चक्क हसले.

"मालक, रूह हाय ती. थंडीत अशीच थिजती. असली हाय म्हणूनच थिजती. जरा मुठीत धरा, बघा कशी होती ते."

"मी धरू? चरबीला हात लावू?" दादांचा आवाज चढला. "याच हातानं संध्या करतो मी."

"चरबी नाय हो मालक, अल्लाकसम."

"मग तूच धरून दाखव," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

चाचांनी नकारार्थी मान हलवली. "मी धरली तर तुमीच म्हणणार, उस्माननं हातचलाखी केली. ज्याला शक हाय त्यानं धरायला पायजे."

कुणीच हात पुढे केला नाही. चाचांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण नाक कुणाचं ते त्यांना ठाऊक होतं. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. दादा म्हणाले, "घेऊन जा ती." चाचा म्हणाले, "नाय नेत. नेली तर म्हणाल, पुरावा नेला. राहू द्या तिला इथंच." पेटी उचलून ते गेले. कोनाड्यातला पालथा पेला तसाच राहिला.

आता त्या कुपीचं करायचं काय? घरात ती नको. आईनं ती सांडशीत धरली आणि न्हाणीमागच्या भिंतीतल्या दिवळीत नेऊन ठेवली. ती भिंत उत्तरेची, सदा ओलसर, तिथे ऊन म्हणून कधी पडत नसे. रोज पहाटे नदीवरून परतणारे लोक मुद्दाम आमच्या बोळात वळत, दिवळीत डोकावत, पांढरा गोळा बघत आणि माना हलवत पुढे जात. दुपारी तो थोडाफार पातळ होतही असेल. पण दुपारी बघायला येतो कोण? आम्ही ज्याला हात लावला नाही आणि मुद्दाम गारठ्यात ठेवलं, तेच रोज सकाळी चाचांविरुद्ध साक्ष देत उभं राहिलं. माझा नातू कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तो सांगतो की उष्णता म्हणजे रेणूंची धावपळ. थंडी पडली की ते दमल्यासारखे जागच्या जागी एकमेकांना बिलगून बसतात, कुठे उडत नाहीत, आणि उडून नाकापर्यंत आलेच नाहीत तर वास कुठून येणार? हे तो मला दोन वाक्यांत सांगतो. मी म्हणते, बाबा, तू तेव्हा कुठे होतास?

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घरातली प्रत्येक वस्तू संशयित झाली. गिऱ्हाइकं तपकिरीच्या पुड्या परत आणून देऊ लागली. उस्मानचं अत्तर आधीपासून असंच असणार, कुणास ठाऊक किती वर्षं आपण बाटत होतो, असं बोललं जाऊ लागलं. दादा दुधावरची साय बोटांवर चोळून बघत. गवळ्याला उलटसुलट विचारत. आईवरसुद्धा एकदा घसरले, "हे तूप घरचंच ना?" आईनं ताट त्यांच्यासमोर ठेवलं आणि चुलीपुढून उठून गेली. मला तर कोण कधी कशासाठी आपल्याकडे बघतंय तेच कळेना. दादांनी तळहात पुढे केला की मी दोन-तीनदा हुंगून बघे. वास येत असे, सगळा नीट येत असे, पण माझाच माझ्या नाकावरचा विश्वास उडाला होता.

मुसळ चालवायला आमच्याकडे हरसूलकडचा लक्ष्मण होता. एकदा कुटता कुटता तो म्हणाला, "लय वाईट झालं बगा. त्यो उस्मान म्हातारा पेटी इकायला काढून बसलाय. कोन घेत नाय. लगीनघरवाले गुलाबपाणी बी घेत नायत त्याच्याकडून. सक्रांत झाली का मालेगावला लेकीकडं जानार म्हनं, कायमचा."

मी चाळण तशीच खाली ठेवली. तेव्हा संक्रांतीला आठ दिवस होते.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे मोठं होई, म्हणून आईनं घर झाडायला घेतलं. ती म्हणाली, "ती पीडा आधी घालवा दिवळीतून." दादांनी मला सांगितलं, "उकिरड्यावर टाकून ये. हात लावू नकोस." चुलीतली राख नुकतीच घमेल्यात भरली होती. मी सांडशीनं कुपी उचलली, राखेवर ठेवली आणि घमेलं डोक्यावर घेऊन निघाले. उकिरडा गल्लीच्या टोकाला, फार तर तीनशे पावलं. घमेलं उतरवलं आणि बघते तर राखेत रुतलेली कुपी पाण्यासारखी स्वच्छ. गोळा नाही, पापुद्रे नाहीत, किंचित पिवळसर काहीतरी आत हलतंय. आधी मला भीतीच वाटली. वाटलं, ही करणी तर नव्हे. मग बुचाच्या कडेनं वास आला. उकिरड्यावर उभी होते मी, पायाखाली शेण आणि केळीची सालं, आणि सगळीकडे गुलाब. नुसता गुलाब, दुसरं काही नाही.

मी तिथेच खाली बसले. राख अजून कोमट होती. कुपी तिथल्या गार दगडावर ठेवली आणि कुणी येतंय का बघत राहिले. बऱ्याच वेळानं आत एक पांढरी सुई उठली, मग दुसरी, मग जाळीच. तेव्हा मी ती उचलून मुठीत धरली, जसं चाचांनी दादांना सांगितलं होतं तसं. मूठ उघडली तेव्हा सुया गेल्या होत्या. मला एकदम खोबरेलाची बाटली आठवली. रोज सकाळी मीच ती उन्हात ठेवत होते. खोबरेल थिजलं म्हणून त्यात चरबी आहे असं आमच्या घरात कधी कुणी म्हटलं नव्हतं. अत्तर थिजलं तेव्हा मात्र म्हटलं, आणि ते मीच म्हटलं. मला रडू कोसळलं.

कुपी परकराच्या ओच्यात लपवून मी घरी आले. दादा एकटे सापडले तेव्हा त्यांच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं. दादा मागे सरकले. "ही तीच कुपी कशावरून? तो म्हातारा भेटला का तुला वाटेत? त्यानं बदलून दिली?"

"दादा, मी उकिरड्यावरच होते. तुम्ही हातात धरून बघा."

"आणि तेव्हा चरबीचा वास आला म्हणालीस त्याचं काय?"

"आला नव्हता. काहीच आलं नव्हतं मला."

दादा दाराशी जाऊन बाहेर कुणी आहे का ते बघून आले. त्यांनी रागवायला हवं होतं, ते रागावले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, "घाटावर चारचौघांत बोललोय मी. आता हे तोंडातून काढायचं नाही. जा." तेव्हा मला कळलं की दादांनाही आता खरं काय ते समजलंय. आणि समजूनही ते कुपीला हात लावत नव्हते.

हळदीकुंकवाला पंचवीसेक बायका आल्या. बाहेर गारठा, आत दारं लोटलेली, मधे शेगडी. आईनं हळदीकुंकू लावायचं, मी हाताला अत्तर लावायचं, धाकट्या बहिणीनं गुलाबपाणी शिंपडायचं आणि मग तिळगूळ, असं ठरलेलं. चांदीच्या अत्तरदाणीत आईनं खसाचं अत्तर घालून ठेवलं होतं. मी ते परत बाटलीत ओतलं, अत्तरदाणी पुसली आणि दुपारभर कमरेला खोचून कोमट केलेली कुपी तिच्यात रिकामी केली, चार थेंब तेवढे कुपीत ठेवले. पहिला मान गोदूआत्याचा. तिनं उजवा हात पुढे केला, मी मनगटाच्या मागे काडी टेकवली.

पाचव्या-सहाव्या बाईपर्यंत गेले असेन तोवर खोली भरून गेली. बायका हात नाकाशी नेऊन बघू लागल्या. जोशीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, काय गं हे! कुठून आणलंत?" आत्यासुद्धा डोळे मिटून हुंगत होती. म्हणाली, "असं अत्तर माझ्या लग्नात होतं हो. त्यानंतर आजच."

शेवटच्या बाईला लावून मी मधे उभी राहिले. "हे उस्मानचाचांचं आहे," मी म्हटलं. "दिवळीतली कुपी. तीच."

आईच्या हातातला कुंकवाचा करंडा कलंडला. कुणी किंचाळलं, कुणी पदराला हात पुसला. आत्या ताडकन उठून न्हाणीकडे धावली. तिथून तिचा आवाज येत होता, "राख आणा, चिंच आणा! कार्टीनं बाटवलं सगळ्यांना!" आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, माझ्या आयुष्यातला एकुलता एक. मी हलले नाही. मी कुपी बाहेर ओट्यावरच्या दगडावर ठेवली आणि दार उघडंच ठेवलं, सगळ्यांना दिसावं म्हणून.

आत्या गार पाण्यानं हात खसाखसा घासून परत आली. नाकाशी नेला, वास नव्हता. "गेलं बाई एकदाचं," म्हणाली आणि काकडलेले हात शेकायला शेगडीपाशी बसली. क्षणभरानं तिची मान हळूच वर झाली. हात तापला तसा गुलाब पुन्हा उठला होता. राखेला, चिंचेला कशालाही न जुमानता. जोशीणबाईंना पहिल्यांदा हसू फुटलं. मग दुसरीला. आत्यानं कुणाकडे न बघता अंगठ्यानं मनगट चोळलं, पुन्हा चोळलं. चरबी कशी लागते, तूप कसं लागतं, तेल कसं लागतं, हे त्या खोलीतल्या कुठल्याही बाईच्या बोटांना शिकवायला नको होतं.

"ओशट नाही गं," आत्या पुटपुटली. मग मोठ्यानं म्हणाली, "अजिबात ओशट नाही."

तोवर ओट्यावरच्या कुपीत पुन्हा सुया धरल्या होत्या. मी ती आत आणली, आणि बायकांच्या मुठींतून ती फिरली. दोघी-तिघींनी मात्र हात मागे घेतला. एक तर जाताना दारात म्हणाली, "कुणी सांगावं, काय काय घालतात." असं म्हणणारं कुणीतरी उरतंच.

रात्री दादा जेवायला बसले तेव्हा सगळं त्यांच्या कानावर गेलेलं होतं. सकाळी पागोटं घातलं, माझ्याकडे हात पुढे केला आणि म्हणाले, "ती कुपी दे. आणि चल."

उस्मानचाचा उंबऱ्यात गोधडी पांघरून बसले होते. मागे पेटी दोरीनं बांधून ठेवलेली. दादा उभेच राहिले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. घसा खाकरून म्हणाले, "उस्मान, माल लागणार आहे आम्हाला. पुढच्या महिन्यात."

चाचांनी गोधडी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. मग मीच बोलले. "चाचा, चरबी मी म्हटलं होतं. मला वासच आला नव्हता."

"मंग वास नाय आला म्हणायचं, बेटी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "थंडीत नाक बी थंड पडतं. त्यात काय लाज?" मग दादांनी उपरण्याच्या टोकाला बांधून आणलेली कुपी त्यांनी उठून घेतली, वाटेत पुन्हा पांढरी झालेली. "मालक, हात पुढं करा." दादांनी हात पुढे केला. चाचांनी कुपी तळहातावर ठेवली आणि दादांची बोटं एकेक करून मिटवली. आम्ही तिघं तसेच उभे होतो. बोळातून जाणारे लोक थांबून बघत होते. दादांनी मूठ उघडली तेव्हा चाचांनी आत बघितलंसुद्धा नाही, दादांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "आणतो माल."

ते मालेगावला गेले नाहीत. लग्नघरं पुन्हा उघडली, देवळंही. सगळं पूर्वीसारखं झालं असं आई म्हणे. पण चाचा पुन्हा कधी आमच्या ओटीवर बसले नाहीत. आईनं तो वेगळा पेला काढून टाकला आणि घरातल्या पेल्यात चहा पाठवला, तरी नाही. ते पायरीखाली उभे राहत, कुपी कोनाड्यात न ठेवता म्हणत, "हात पुढं करा, मालक." दादा दुकान सोडून उठत, गिऱ्हाइकांदेखत हात पुढे करत आणि मूठ मिटून उभे राहत.

माझं लग्न झाल्यावर पहिल्यांदा माहेरी आले तो वैशाख होता. गल्लीतल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता, कोनाड्यातलं खोबरेल पाण्यासारखं पातळ. उस्मानचाचा आले. त्यांच्या हातातल्या कुपीत काहीच थिजलेलं नव्हतं, आतला थेंब लांबूनही हलताना दिसत होता. "हात पुढं करा, मालक." दादांनी केला. घामानं निथळत, मान खाली घालून, ते मूठ मिटून उन्हात उभे राहिले. किती वेळ धरायचं ते चाचांनी कधी सांगितलं नाही, आणि दादांनी कधी विचारलं नाही.